मुदत कोणाची संपली?

आमच्या आजोबांच्या हयातींतील एक गोष्ट घरीं अद्याप सांगितली जाते. शेजारच्या एका विधवा बाईंकडून त्यांनीं अडचणीच्या वेळीं कांहीं रक्कम घेतली होती व रीतसर प्रॉमिसरी नोट लिहून दिली होती. तीन वर्षें उलटलीं. बाईंनीं संकोचानें पैसे मागितले नाहींत, आणि कायद्याच्या दृष्टीनें त्या कागदाचा जोर संपला. एका वकील स्नेह्यानें ‘आतां आपण मोकळे झालां’ असें सांगितलें, तेव्हां आजोबा म्हणाले, ‘मुदत कागदाची संपली, माझी कोठें संपली?’ त्याच आठवड्यांत त्यांनीं व्याजासह रक्कम बाईंच्या घरीं पोंचती केली.

ही घरगुती गोष्ट आठवण्याचें कारण जावा बेटांतील एका खेड्याची हकीकत होय. तेथेंहि विधवांचें येणें होतें आणि तेथेंहि मुदत संपली होती. परंतु येणें पैशाचें नसून नवऱ्यांच्या प्राणांचें होतें, आणि ऋणको एक राज्य होतें.

इंडोनेशियानें १७ ऑगस्ट १९४५ रोजीं आपलें स्वातंत्र्य जाहीर केलें. परंतु डच सरकारला तें मान्य नव्हतें. जुलै १९४७ मध्यें त्यानें जावा व सुमात्रा बेटांवर मोठी लष्करी मोहीम काढली आणि तिला ‘पोलिसी कारवाई’ असें सौम्य नांव दिलें. त्याच महिन्याच्या अखेरीस हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया यांनीं हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें नेला. पुढें तडजोडीच्या वाटाघाटी ठरल्या, आणि ८ डिसेंबर १९४७ रोजीं बटेव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, बंदरांत ‘रेनव्हिल’ नामक अमेरिकन जहाजावर त्यांस आरंभ झाला.

दुसऱ्याच दिवशीं, ९ डिसेंबरला, डच सैनिकांची एक तुकडी पश्चिम जावांतील करावांगजवळच्या रावागेदे या गांवांत शिरली. लुकास कुस्तार्यो नांवाचा इंडोनेशियन सेनाधिकारी तिला हवा होता. तो गांवांत सांपडला नाहीं. तेव्हां सैनिकांनीं गांवांतील पुरुषांना वेगळें काढलें, ओळींत उभें केलें, आणि कोणतीहि चौकशी न करितां गोळ्या घातल्या. मृतांची संख्या इंडोनेशियन लोक ४३१ सांगतात, तर डच सरकारच्या मतें ती सुमारें १५० होती. प्रेतें पुरण्याचें काम स्त्रियांवरच पडलें, कारण गांवांत पुरुष फारसे उरलेच नव्हते.

युद्धांत मनुष्यें मरतातच, त्यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु युद्धालाहि मर्यादा आहेत. शस्त्र घेऊन समोर उभ्या राहिलेल्या सैनिकास मारणें ही एक गोष्ट, आणि हातीं सांपडलेल्या निःशस्त्र माणसास विनाचौकशी मारणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलें युद्ध, दुसरा खून. हा भेद त्या काळींहि सर्वांस ठाऊक होता. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनें जानेवारी १९४८ मध्यें चौकशी करून रावागेदेचें कृत्य हेतुपुरःसर व निर्दय ठरविलें. तथापि त्याच वर्षीं डच अधिकाऱ्यांनीं जबाबदार सेनाधिकाऱ्यावर खटला न भरण्याचें ठरविलें. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजीं संमत झाला, म्हणजे रावागेदेनंतर एक वर्ष व एक दिवस लोटल्यावर. त्यांत प्रत्येक मनुष्यास जीविताचा हक्क आहे असें लिहिलें होतें. रावागेदेच्या बायकांना तो वाचून दाखविणारें कोणी नव्हतें.

डच सरकारनें १९६९ सालीं जुनीं दफ्तरें तपासून अहवाल काढला. सैन्याचें वर्तन एकंदरींत योग्यच होतें, कांहीं ठिकाणीं ‘अतिरेक’ झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढें कित्येक वर्षांनीं एका डच संस्थेनें त्या विधवांची बाजू घेतली. ‘डच प्रतिष्ठेचीं ऋणें’ असा तिच्या नांवाचा अर्थ आहे. हा शब्दप्रयोग त्या देशांत नवा नव्हे. वसाहतींतून उपसलेली संपत्ति हें आपलें ‘प्रतिष्ठेचें ऋण’ आहे, असें व्हान डेव्हेंटर या डच लेखकानें १८९९ सालींच लिहिलें होतें. २००८ सालीं विधवांच्या वतीनें डच सरकारकडे लेखी मागणी गेली. घडलें त्याबद्दल खेद आहे, परंतु दाव्याची मुदत केव्हांच संपली आहे, असा सरकारचा पवित्रा होता. तेव्हां लीस्बेथ झेगफेल्ड या वकीलबाईंनीं हेगच्या न्यायालयांत दावा लाविला.

मुदतीचा कायदा मूर्खपणाचा आहे असें मुळींच नाहीं. साक्षीदार मरतात, कागद कुजतात, स्मृति दगा देते. आणि जुनीं भांडणें उकरण्यास सीमाच नसेल तर कोणासहि स्वस्थ झोंप लागणार नाहीं. आपल्या धर्मशास्त्रकारांनींहि ही गरज ओळखली होती. आपली भूमि दुसरा उपभोगीत आहे हें डोळ्यांनीं पाहूनहि जो बोलत नाहीं, त्याची वीस वर्षांनीं हानि होते, आणि इतर धनाविषयीं हीच मर्यादा दहा वर्षांची, असें याज्ञवल्क्य सांगतो. परंतु लगेच पुढें तो अपवाद देतो. गहाण, सीमा व ठेव यांस हा नियम लागू नाहीं. त्याचप्रमाणें जड, बालक, राजा, स्त्री व श्रोत्रिय यांच्या धनासहि नाहीं. हे नियम मालमत्तेचे आहेत, मनुष्यवधाचे नव्हेत, हें मी विसरत नाहीं. आणि हेगच्या न्यायाधीशांनीं याज्ञवल्क्य वाचला होता असेंहि माझें म्हणणें नाहीं. परंतु नियमामागील तत्त्व ध्यानांत घ्यावें. मुदत ही मौनाची शिक्षा आहे, आणि मौनाची शिक्षा ज्याला बोलतां येत होतें त्यालाच देतां येते.

रावागेदेच्या विधवा कोणापुढें बोलणार होत्या? नवरा मारणारें राज्य समुद्रापलीकडे, त्याची भाषा परकी, त्याचें न्यायालय हजारों मैल दूर. राज्याला मात्र सर्व ठाऊक होतें. अपराध कोणी केला, कोठें केला, त्यावर खटला कां झाला नाहीं, हें सारें त्याच्याच दफ्तरांत होतें. जो जाणून गप्प बसला त्यानें, जिला बोलतां आलें नाहीं तिच्या मौनाचा लाभ घ्यावा, हा कोणता न्याय?

न्यायालयानें १४ सप्टेंबर २०११ रोजीं निकाल दिला. अशा प्रकरणांत विधवांविरुद्ध मुदतीचा आधार घेणें न्याय्यतेस धरून नाहीं, सबब राज्य भरपाईस जबाबदार आहे, असें त्यांत ठरलें. गोळीबारांतून बचावलेला एक वृद्ध वादींमध्यें होता. तो चारच महिने आधीं वारला होता. सरकारनें पुढें तडजोड केली. प्रत्येकीस २०,००० युरो, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें तेरा-चौदा लक्ष रुपये, देण्याचें ठरलें. आणि ९ डिसेंबर २०११ रोजीं, बरोबर चौसष्ट वर्षांनीं, डच राजदूतानें त्या गांवीं जाऊन क्षमा मागितली. गांवाचें नांवहि एव्हांना बदलून बालोंगसारी झालें होतें.

येथें गोष्ट गोड झाली असें समजूं नये. निकालांत एका मृताच्या मुलीचा दावा मात्र मुदतीच्या कारणानें फेटाळला गेला. पत्नीचें दुःख ग्राह्य आणि लेकीचें मुदतबाह्य, हें आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस पटणें कठीण. बाप गेलेल्या घरांत मुलांचें काय होतें, हें आपण आपल्या आळींत पाहिलेलें असतें. पुढें २०१५ सालीं न्यायालयानें मुलांसहि दार उघडलें, आणि २०२० मध्यें सरकारनें अशा मुलांस ५,००० युरो देण्याची योजना जाहीर केली. तोंवर त्यांपैकीं सर्वांत धाकटा मुलगाहि सत्तरीच्या पुढें गेला होता. इकडे गांवांतहि कलह झाला. विधवांस मिळालेल्या रकमेचा मोठा भाग इतर मृतांच्या वारसांस वांटावा लागला, असें वर्तमानपत्रांत आलें. मरण साऱ्या गांवाचें आणि भरपाई मूठभरांची, असें झाल्यावर दुसरें काय होणार?

आतांच्या डच करदात्यानें आजोबांच्या पिढीचें पाप कां फेडावें, असाहि प्रश्न विचारला जातो. त्यास उत्तर सोपें आहे. मनुष्यें मरतात, राज्य मरत नाहीं. ज्या राज्यानें सैन्य धाडलें, त्याचीच तिजोरी आज उघडते. पूर्वजांच्या वैभवाचा वारसा जें घर अभिमानानें मिरवितें, त्यानें पूर्वजांचें देणें परक्याचें म्हणतां कामा नये. फेब्रुवारी २०२२ मध्यें डच संशोधकांनींच, त्या युद्धांत डच सैन्यानें अतिरेकी हिंसा पद्धतशीरपणें केली, असा निष्कर्ष काढला. आणि त्याच दिवशीं डच पंतप्रधानांनीं इंडोनेशियाची क्षमा मागितली.

या हकीकतींतून एक गोष्ट मात्र मनांत रुतून बसते. ४३१ आणि १५० या दोन आंकड्यांमध्यें २८१ माणसांचें अंतर आहे. तें अंतर शिल्लक राहिलें, कारण त्या दिवशीं दोन्ही बाजूंस मान्य होईल अशी यादी कोणी केली नाहीं. पुढें हक्क मागावयाचा तर मृताचें नांव, त्याचा विवाह, त्याच्या मृत्यूची रीत, सर्व सिद्ध करावें लागतें. आणि ज्याचें नांव कोठेंच लिहिलें गेलें नाहीं त्याच्या विधवेपाशीं तिच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो. आजहि वर्तमानपत्रांत कोठल्या ना कोठल्या युद्धांतील मृत नागरिकांचा आंकडा येतो, दोन्ही पक्ष निरनिराळा आंकडा देतात, आणि आपण चहा पितां पितां पान उलटतो. निदान एवढें तरी विचारावें कीं त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं आहेत काय. साठ वर्षांनीं एखादी म्हातारी न्यायालयाच्या दारीं उभी राहील, तेव्हां तिला त्या वहीचाच आधार होणार आहे.