मॅक्रोतल्या रिकाम्या जागा
(दवाखाना आणि संगणक : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण नोंदींच्या मानकांकडे पाहिलं. त्यांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. भारत २०१४ मध्ये स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञावलीचा सदस्य झाला, त्यामुळे उच्च रक्तदाबाला ३८३४१००३ हा ठरलेला क्रमांक आपल्याकडेही वापरता येतो. पण ही सगळी माहिती संगणकात भरायची कोणी? ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असताना डॉक्टरांनीच. अमेरिकेत ५७ डॉक्टरांचं काम पाहून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळपास दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जाताना दिसले. आपल्या ओपीडीत ते दोन तास निघणारच नाहीत. मग नोंद आखडते आणि ‘ताप, गोळ्या दिल्या’ एवढ्यावर थांबते. कीबोर्ड मॅक्रो हवा तो इथे.

त्यात अवघड काही नाही. ऑटोहॉटकीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘बीपीएफ’ असा संक्षेप ठरवला, की तीन अक्षरांत पूर्ण मजकूर उमटतो : ‘रक्तदाब फेरतपासणी. आजचा रक्तदाब : __. चुकलेल्या गोळ्या : __. पायाला सूज : __.’ माझा सगळा भर या रिकाम्या रेघांवर आहे. मॅक्रोने प्रश्न टाइप करावा, उत्तर डॉक्टरांनी. ‘सूज नाही, छाती स्वच्छ’ असं आधीच भरून ठेवलेला मॅक्रो आणखी वेगवान वाटेल, पण न केलेली तपासणी तो केल्याचं लिहून ठेवतो, आणि उद्या वाद झाला तर सही डॉक्टरांचीच असते.

यावर आक्षेप असा, की तयार मजकुराची चटक लागली की नोंदी फुगतात. आक्षेप खोटा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या २३,६३० नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी नोंदीत हाताने लिहिलेला मजकूर फक्त १८ टक्के निघाला. ४६ टक्के जुन्या नोंदींतून उचललेला आणि बाकीचा आपोआप ओढलेला. मात्र उचललेल्या मजकुरात कालची उत्तरं आजच्या तारखेखाली येतात. रिकाम्या रेघेत ती येऊ शकत नाहीत. रेघ तशीच राहिली तर राहिलेली दिसते तरी. माउसच्या क्लिक आणि टॅबची कळ आंधळेपणाने दाबत जाणारे मॅक्रो मात्र मी सरळ नाकारेन. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एक रकाना इकडचा तिकडे झाला, की वजनाचा आकडा डोसच्या जागी जाऊन बसतो.

आयता मजकूर बिनधास्त वापरावा तो रुग्णाला द्यायच्या सूचनांत. ‘जेवणानंतर घ्या’, ‘बरं वाटलं तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका’ ही वाक्यं रुग्णागणिक बदलत नाहीत. तरीही ती छापील कागदावर बहुधा इंग्रजीत असतात, कारण गर्दीच्या वेळी मराठी टाइप करायला हात वळत नाही. मॅक्रोत एकदा शुद्ध मराठी वाक्य बसवलं की हडपसरहून आलेल्या आजींना ते नातवाकडून वाचून घ्यावं लागत नाही. डोस आणि दिवस इथेही रिकामेच ठेवायचे. ‘आता बोलून नोंद करता येते, मग हा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण बोलून उमटलेला मजकूरही वाचून दुरुस्त करावाच लागतो, आणि ओपीडीच्या गलक्यात पंधरा आणि पन्नास यांतला फरक यंत्राला कितपत कळतो, ते पुढच्या लेखांकात पाहू.