नजर शेजारच्या पंखावर

हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाची नऊ विमानं हिऱ्याच्या आकारात डोक्यावरून जातात, तेव्हा तो आकार खालच्या हजारो लोकांना दिसतो. तो साकारणाऱ्यांपैकी आठ वैमानिकांना मात्र दिसत नाही. त्यांची नजर शेजारच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणांवर असते. त्या खुणा एका रेषेत आल्या, की आपण जागेवर आहोत. दोन विमानांत अंतर पाच मीटरहूनही कमी. विमान उलटं झालं, जमीन डोक्यावर आली, अंगाचं वजन चौपट जाणवू लागलं, तरी बघायचं ते शेजाऱ्याकडेच. उंची, वेग, वारा यांचा हिशेब एकटा लीडर सगळ्यांसाठी करतो.

म्हणून लीडरचं कसब मला धाडसापेक्षा संयमात दिसतं. इंजिनाची पूर्ण ताकद तो लावत नाही. वळणावर बाहेरच्या विमानाला जास्त अंतर कापावं लागतं, त्याच्या हाती थोडी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. लीडरने हिसका दिला, तर तो शेवटच्या विमानापर्यंत वाढत जातो. सरावही आधी दोन विमानांचा, मग तिसरं, चौथं; नऊ सगळ्यात शेवटी.

पथक जन्मलं 1996 मध्ये बिदरला, आपल्या उदगीरच्या शेजारी. विमानं होती भारतीय बनावटीची ‘किरण’. 2011 मध्ये नव्या वैमानिकांच्या शिक्षणाला विमानं अपुरी पडू लागली, तेव्हा ती तिकडे वळवली आणि पथक थांबलं. निर्णय योग्यच होता. 2015 मध्ये ‘हॉक’ विमानांवर ते पुन्हा उभं राहिलं. आज त्यांच्यामागे उमटणाऱ्या रंगीत धुराची यंत्रणा हवाई दलाच्या नाशिकच्या दुरुस्ती डेपोत तयार झाली आहे. इंजिनाच्या तप्त झोतात डिझेल सोडलं की पांढरा धूर होतो, त्यात रंग मिसळला की तिरंगा.

दोन विमानांतल्या त्या पाच मीटरांची किंमत पथकाने मोजली आहे. 19 फेब्रुवारी 2019 रोजी बंगळुरूजवळ येलहंका इथे सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली. विंग कमांडर साहिल गांधी गेले.

कधी हे पथक बघायला गेलात, तर हिऱ्याच्या शेपटाकडच्या विमानाकडे जरूर बघा. पुढच्यांच्या इंजिनांनी ढवळलेल्या हवेलगत उडत त्याला जागा राखायची असते, आणि सगळ्यात कमी नजर त्याच्याकडेच जाते.