शेवटचा तुकडा

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या माळावर ते वसलंय आणि मुंबई-सोलापूर लोहमार्गावर आहे. या टापूत दीडशेहून अधिक वर्षं मोठमोठी कामं चालू आहेत. कुठलं काम किती पैशांत आणि किती काळात झालं, याचा हिशोब केममध्ये उभं राहून मांडता येतो.

सुरुवात रेल्वेची. डिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, हा मार्ग १८५९च्या ऑक्टोबरात खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने १८४९च्या करारातच दिली होती. मार्ग तोट्यात गेला तरी भागधारकाला पाच टक्के मिळणार आणि तूट भरणार इथल्या महसुलातून. खर्च वाढला तर ज्याला झळ बसते त्याच्या हाती लगाम नाही, आणि लगाम ज्याच्या हाती त्याला झळ नाही. खर्च आवरण्यातली मूळ अडचण तेव्हापासूनची आहे.

केमवरून गाड्या धावू लागल्या तेव्हा याच मार्गावरच्या बोरघाटातलं काम मात्र अपुरंच होतं. मूळ कंत्राटदार फॅविएलने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि पुढे त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सांभाळलं. १८६३ मध्ये घाट जोडला जाईपर्यंत प्रवासी खाली गाडीतून उतरत आणि डोंगर पालखीने, तट्टावर नाहीतर पायी चढून वर दुसरी गाडी पकडत. कागदावर शेकडो मैलांचा मार्ग तयार होता, पण त्याचा खरा उपयोग घाटातल्या थोड्या मैलांवर अडला होता.

केमच्याच परिसरात नेमकं उलटं उदाहरण घडलं, आणि त्याची आठवण आपण फार कमी काढतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे सुरू केली. प्रत्येक वाहनाच्या आसावरचा भार पाच टनांपुरताच ठेवायचा हे त्याने आधी ठरवलं. त्यामुळे रूळ हलके चालले आणि पूल व भरावही स्वस्तात झाले. खर्चावरचं नियंत्रण त्याने आराखड्याच्या कागदावरच करून ठेवलं. ही लाइन पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली. खरी काटकसर काम सुरू होण्याआधीच होते, हे माझं मत या गाडीमुळे पक्कं झालं.

मग भीमेवरचं उजनी धरण. १९६९ मध्ये काम सुरू झालं तेव्हा अंदाज सुमारे ४० कोटींचा होता. १९८० मध्ये धरण झालं तेव्हा आकडा ३३० कोटींच्या आसपास गेला होता. त्या काळात महागाई दुप्पट-अडीचपट झाली, खर्च मात्र आठपट. काठची गावं बुडाली, डिकसळजवळचा जुना लोहमार्गही फुगवट्यात गेला आणि रूळ हलवावे लागले. धरण ११७ टीएमसीचं झालं, पण करमाळ्याच्या माळाला ते पाणी आपोआप मिळणार नव्हतं. त्यासाठी दहिगावसारखी उपसा योजना लागली. ती नव्वदच्या दशकात मंजूर झाली आणि पाणी यायला पुढची सुमारे दोन दशकं गेली.

नव्वदच्या दशकात घाईचं एक कारण होतं. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यातलं ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि २००० सालापर्यंत ते अडवायचं होतं. १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ स्थापन झालं, रोखे काढले गेले आणि एकाच वेळी ढीगभर कामांना हात घातला गेला. सगळ्यांना थोडे थोडे पैसे मिळाल्याने कुठलंच काम वेळेत संपेना. लांबलेल्या प्रत्येक वर्षी दरसूची बदलते, भूसंपादनाचा दर चढतो, संकल्पचित्रात बदल होतात आणि पुन्हा 'सुप्रमा'चा प्रस्ताव जातो. सुधारित प्रशासकीय मान्यतेचं हे लघुरूप पाटबंधारे खात्यात इतकं रुळलं की दुसरी, तिसरी सुप्रमा कुणाला खटकेनाशी झाली. मला ती खटकते. सुधारित आकडा मंजूर झाला की जुना अंदाज का चुकला, हा प्रश्न फाइलीबरोबर बंद होतो.

२०१२ मध्ये तो प्रश्न उघड्यावर आला. दहा वर्षांत राज्यातल्या सिंचित क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढलं, असा अर्थ आर्थिक पाहणीतून निघाला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहिलं, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली आणि मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमलं गेलं. वाद आरोप-प्रत्यारोपांत गेला. मोजमापाच्या पद्धतीवर मात्र फार थोडं बोललं गेलं.

समजा, दहा किलोमीटरची वितरिका आहे, अंदाज दहा कोटींचा आणि मुदत वर्षाची. सहा महिन्यांनी पाच कोटी खर्च झाले. आढावा बैठकीत 'आर्थिक प्रगती ५० टक्के' असं वाचलं जातं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण मोजणी पुस्तकात तीनच किलोमीटर काम असेल, तर तीन कोटींच्या कामाला पाच कोटी गेलेत. याच वेगाने वितरिका साडेसोळा कोटींच्या पुढे जाईल आणि मुदतही हुकेल. झालेल्या कामाची मूळ अंदाजातली किंमत काढून ती खर्चाशी आणि वेळापत्रकाशी ताडायची ही रीत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये सक्तीची केली. तिला लागणारी माहिती आपल्या शाखा अभियंत्याच्या मोजणी पुस्तकात आधीपासून असते. ती बैठकीपर्यंत पोचत नाही, किंवा पोचलीच तर खर्चाच्या रकान्यामागे दडते.

या रीतीलाही एक मर्यादा आहे. मातीकाम लवकर उरकतं, पाइप आणून रचून ठेवता येतात आणि टक्केवारी चढते. पंपगृह, वीजजोडणी आणि ओढ्यावरची बांधकामं मागे राहतात. नव्वद टक्के झालेल्या उपसा योजनेतून शेतात पाणी येत नाही.

केमच्या रुळांवर हेच पुन्हा दिसलं. दौंड-गुलबर्गा दुहेरीकरण, सुमारे २२५ किलोमीटर, २००९-१० च्या सुमारास मंजूर झालं. रेल विकास निगमकडे काम होतं आणि आशियाई विकास बँकेचं कर्जही होतं. मार्ग तुकड्यातुकड्यांनी दुहेरी होत गेला, पण भाळवणी-वाशिंबे हा सुमारे २६ किलोमीटरचा पट्टा राहिला. भाळवणी म्हणजे केमच्या पश्चिमेचं लगतचं स्टेशन. दोन्ही बाजूंना दोन-दोन रूळ आणि मध्ये एक, अशा स्थितीत गाड्या क्रॉसिंगसाठी थांबत आणि आधी घातलेल्या पैशाचा पूर्ण मोबदला मिळत नसे. ऑगस्ट २०२२ मध्ये तो पट्टा पूर्ण झाला.