ज्येष्ठांचा टाळता येण्याजोगा रुग्णालयवास

खाट भरलेली असणे रुग्णालयाच्या हिशेबात जमेच्या बाजूस दिसते. तथापि ज्येष्ठ रुग्णांपैकी अनेकांना ती अडवावी लागलीच नसती तर बरे झाले असते, असे आम्हांस वारंवार वाटते. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, हृदयाची दुर्बलता, शरीरातील पाणी कमी होणे या तक्रारींवर बाह्यरुग्ण विभागात वेळीच उपचार झाल्यास दाखल होण्याचा प्रसंग बहुधा टळतो. अमेरिकेत २००१ पासून अशा दाखल रुग्णांची मोजणी ठरावीक निर्देशांकांनी होऊ लागली. अनेक प्रगत देशांत गेल्या दोन दशकांत त्यांचे प्रमाण घटले आहे.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढील व्यक्ती सुमारे १ कोटी ११ लाख होत्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण खुले झाले. हे स्वागतार्हच आहे. परंतु ही योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. दरमहाच्या गोळ्या पदरमोड करूनच घ्याव्या लागतात. निवृत्तिवेतन पुरत नाही, मुले परदेशी, वाड्याचा जिना उतरवत नाही. मग गोळ्या संपतात आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे पायांवर सूज येते आणि अखेर धाप लागून मध्यरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते. रात्री उठावे लागू नये म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या आजीही आम्ही पुष्कळ पाहतो.

हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन रोज सकाळी करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. पुण्यात इन्फ्लुएन्झाचा जोर पावसाळ्यात असतो. त्यामुळे लस डॉक्टरांच्या सल्ल्याने एप्रिल-मे महिन्यांत घेणे श्रेयस्कर. हिवाळ्याची वाट पाहू नये.

देणगीदार खाटेसाठी वा यंत्रासाठी आनंदाने साहाय्य करतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्यांवर नाव कोरता येते, गोळ्यांच्या पाकिटावर येत नाही, हेही खरे. तरीही गरजू ज्येष्ठांच्या मासिक औषधांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवण्याचा विचार विश्वस्त मंडळाने अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे. नातेवाइकांनी पुढील तपासणीस येताना घरातील जुनी-नवी सर्व औषधे एका पिशवीत सोबत आणावीत. एकच औषध दोन नावांनी सुरू असल्याचे अशा वेळी उघडकीस येते.