घटक ४ : घरगुती पाककृतीची भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• घरगुती पाककृती ही एक संहिता आहे, हे स्पष्ट करता येईल.
• पाककृतीतील परिमाणे, क्रियारूपे आणि मर्यादादर्शक उपवाक्ये यांचे कार्य सांगता येईल.
• मौखिक व लिखित पाककृतीतील भेद उदाहरणांसह दाखवता येईल.
• आपल्या घरातील एखादी पाककृती भाषिक दृष्टीने नीट नोंदवता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण सूचना, जाहीर निवेदने आणि कार्यालयीन पत्रे या व्यावहारिक संहितांचा विचार केला. या घटकात आपण जिचा विचार करणार आहोत ती संहिता आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘हे कसं केलंस गं?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पाककृती. शाळेतल्या अंगतपंगतीत, शेतावरच्या वनभोजनात, भिशीच्या दिवशी मैत्रिणींनी आणलेले डबे उघडले की हा प्रश्न हमखास येतो आणि पदार्थाबरोबर भाषेचीही देवाणघेवाण होते.

‘यात अभ्यासण्यासारखे काय आहे?’ असे आपणांपैकी काहींना वाटेल. विशेषतः ज्या भगिनी रोजचा स्वयंपाक आटोपून रात्री ही पुस्तिका उघडतात, त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जे सहज येते त्यालाही नियम असतात. ते नियम उघड करून दाखवणे हे भाषाविज्ञानाचे कामच आहे.

४.२ परिमाणांची भाषा

पाककृतीत पहिला प्रश्न येतो तो ‘किती?’ हा. धान्य मापून घेण्याच्या काळात मराठी घरांत निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. वजनाचा प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. १ ऑक्टोबर १९५८ पासून वजनांची दशमान पद्धत लागू होऊ लागली आणि शेर व्यवहारातून गेला. तरी आजही भाजीवाल्याकडे आपण ‘पावशेर मिरच्या’ मागतो आणि तो २५० ग्रॅम तोलून देतो. शब्द टिकला, अर्थ सरकला. अर्थपरिवर्तनाचे हे घरातले उदाहरण आपण लक्षात ठेवावे.

स्वयंपाकघरातले खरे माप मात्र वाटी हे आहे. वाटीचा आकार घरोघरी वेगळा असतो, मग हे माप चालते कसे? कारण येथे भाषा वजन सांगत नाही, प्रमाण सांगते. चकलीच्या भाजणीसाठी ‘तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक’ असे म्हटले जाते. वाटी कोणतीही असो, शेवटपर्यंत तीच असली की ४ : २ : १ हे नाते टिकते.

तिसरा प्रकार सापेक्ष परिमाणांचा : ‘चवीपुरते मीठ’, ‘बोटाच्या पेराइतके पाणी’, ‘लागेल तसे दूध’. ‘-पुरता’, ‘-इतका’, ‘लागेल तसे’ ही रूपे मोघम आहेत, असा आक्षेप घेतला जातो. तो बरोबर नाही. नवा तांदूळ पाणी कमी घेतो, जुना जास्त. अशा वेळी पाण्याचा ठाम आकडा देणे चुकीचे ठरेल. ‘लागेल तसे’ हेच नेमके आहे.

४.३ क्रियापदांची व्यवस्था

मराठीत स्वयंपाकाच्या क्रियापदांची विभागणी फार बारीक आहे. चिरणे, किसणे, खवणे, ठेचणे, कुटणे, भरडणे, वाटणे, दळणे या साऱ्या क्रिया वस्तूचे तुकडे करण्याच्या आहेत. पण साधन, जोर आणि शेवटी मिळणारा पोत यांनुसार शब्द बदलतो. नारळ खवतात, गाजर किसतात, लसूण ठेचतात. कणीक ‘मळणे’ आणि पुरणपोळीसाठी ती ‘तिंबणे’ यांतही फरक आहे. तिंबण्यात तेल-पाणी लावून कणीक बराच वेळ मऊ करत नेणे अभिप्रेत असते.

नवी साधने आली तेव्हा भाषेने दोन मार्ग काढले. एक, परकीय क्रियावाचक शब्दाला ‘करणे’ जोडणे : ‘बेक करणे’, ‘फ्राय करणे’. दुसरा, मराठी क्रियापदाची नवी योजना करणे : ‘कुकर लावणे’, ‘मिक्सरमधून फिरवणे’. कुकरची ‘शिट्टी’ तर वेळेचे मापच झाली. ‘तीन शिट्ट्या होऊ दे’ या वाक्यात मिनिटांचा उल्लेख नसतो आणि तो कोणाला लागतही नाही.

आता क्रियारूपे पाहू. तीन वाक्ये घ्या :
(अ) रवा मंद आचेवर भाजावा.
(आ) रवा मंद आचेवर भाजायचा.
(इ) रवा मंद आचेवर भाजून घे.

पहिले वाक्य छापील पुस्तकाचे आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) या पुस्तकांमुळे पाककृती छापील पानावरून घरोघरी पोहोचली. ‘-आवा’ हे विध्यर्थी रूप कर्माप्रमाणे बदलते : रवा भाजावा, डाळ भाजावी, पीठ भाजावे. यात सांगणारी व्यक्ती दिसत नाही आणि ऐकणारीही दिसत नाही. दुसरे वाक्य शेजारीण शेजारणीला सांगते. तिसरे वाक्य आई मुलीला किंवा मुलाला सांगते.

तिसऱ्या वाक्यातील ‘घे’ या सहायक क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘भाजून घे’ म्हणजे ही पूर्वतयारी आहे, रवा पुढे लागणार आहे. ‘झाकून ठेव’ म्हणजे ती स्थिती तशीच राहू दे. ‘मुरू दे’ म्हणजे आता तू काही करू नकोस. यापुढचे काम पदार्थाचे आहे. क्रियांचा क्रम आणि हेतू या छोट्या सहायक क्रियापदांत साठवलेला असतो. ‘भाजावा’ असे लिहिताच तो अनेकदा गळून पडतो.

बिघडलेल्या पदार्थाची भाषाही पाहण्यासारखी आहे. भाजी करपली, दूध उतू गेले, पाक बिघडला, चकल्या मऊ पडल्या. ही सारी अकर्मक रचना आहे. कर्ता पदार्थ असतो. करणारी व्यक्ती वाक्यात येत नाही. अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून पसरला तर आपण ‘अनारसा हसला’ म्हणतो. चूक सांगायची, पण कोणावर ठपका ठेवायचा नाही, ही सोय भाषेने करून ठेवली आहे.

४.४ मर्यादादर्शक उपवाक्य : पाककृतीचे मर्म

क्रिया कोठे थांबवायची, हे सांगणाऱ्या उपवाक्याला येथे आपण मर्यादादर्शक उपवाक्य म्हणू. ‘खमंग वास येईपर्यंत’, ‘तेल सुटेपर्यंत’, ‘पुरणात उलथने उभे राहीपर्यंत’, ‘पाक एकतारी झाला की’ ही त्याची उदाहरणे. यांत घड्याळ नसते. नाक, डोळे, कान आणि बोटे हीच मोजमापाची साधने असतात. हे उपवाक्य गाळले तर काय होते, ते एका अनुभवावरून सांगतो.

माझ्या आईच्या निधनानंतरच्या पहिल्या दिवाळीत पत्नी आणि मी तिची वही उघडून अनारसे करायला बसलो. वहीत तिच्या अक्षरात लिहिले होते : ‘तांदूळ तीन दिवस भिजवावे. पाणी रोज बदलावे. पंचावर पसरून सावलीत सुकवावे. कुटून, चाळून घ्यावे. तांदळाइतका गूळ, थोडे तूप घालून मळावे. गोळे करून ठेवावे. पाच-सहा दिवसांनी खसखशीवर थापून तुपात मंद आचेवर तळावे.’ आम्ही सारे तसेच केले. पहिला अनारसा हसला, दुसरा हसला, तिसराही हसला.

मावशीला दूरध्वनी केला. तिने प्रमाण विचारले नाही. ‘तांदूळ सुकवलेस ते किती?’ एवढेच विचारले. मी म्हणालो, ‘वहीत लिहिलेलं नाही.’ ती म्हणाली, ‘अरे, तांदूळ हाताला ओला लागायला नको, पण गार लागायला हवा. हे काय लिहायचं असतं?’

आमचे तांदूळ ओले राहिले होते. त्या ओलीत गूळ सुटला आणि पीठ सैल झाले. आईच्या वहीत प्रमाण होते, क्रम होता, साहित्य होते. ‘सुकवावे’ या क्रियापदाला हवे असलेले एक उपवाक्य तेवढे नव्हते. तिने वही स्वतःसाठी लिहिली होती आणि तिच्या तळव्याला ते वाक्य पाठ होते. पुढच्या वर्षी आम्ही त्या ओळीखाली मावशीचे वाक्य तिच्याच शब्दांत लिहून ठेवले. त्या वर्षीच्या अनारशांना जाळी पडली.

४.५ प्रदेशभेद

भाकरीबरोबरच्या पातळ पदार्थाला कोठे कालवण, कोठे कोरड्यास, कोठे रस्सा म्हणतात. भाकरीबरोबर खायचे म्हणून ‘कोरड्यास’. शब्दाच्या रूपातच जेवणाची रीत आहे. पुरणपोळी देशावर तव्यावर भाजतात, तर खानदेशात पुरणाचे मांडे पालथ्या खापरावर भाजतात; साधन बदलले की नावही बदलते. प्रमाण मराठीत लिहिताना असे शब्द ‘सुधारू’ नयेत. कोरड्यासला ‘रस्साभाजी’ केले की पदार्थ उरतो, पण गाव जाते.

४.६ समारोप

घरगुती पाककृती ही काटेकोर व्यवस्था असलेली मौखिक संहिता आहे. तिची परिमाणे प्रमाण सांगतात, सहायक क्रियापदे क्रम व हेतू सांगतात आणि मर्यादादर्शक उपवाक्ये कौशल्य सांगतात. लिहिताना पहिली गोष्ट बहुधा टिकते, तिसरी बहुधा हरवते. म्हणून पाककृती लिहून घेणाऱ्याने ‘किती?’ याबरोबरच ‘कुठपर्यंत?’ हे विचारले पाहिजे.

४.७ आपली प्रगती तपासा

१. ‘लागेल तसे’ हे परिमाण मोघम का नाही? दोन उदाहरणे द्या.
२. ‘भाजून घे’, ‘झाकून ठेव’, ‘मुरू दे’ यांतील सहायक क्रियापदांचे कार्य स्पष्ट करा.
३. आपल्या बोलीतील पदार्थ बिघडल्याचे सांगणारी पाच वाक्ये लिहून त्यांतील कर्ता ओळखा.

उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून एक पाककृती तिच्या शब्दांत उतरवून घ्या. शक्य असल्यास ती व्यक्ती पदार्थ करत असताना जवळ बसा. प्रत्येक क्रियेपाशी ‘हे झालं, हे कसं ओळखायचं?’ असे विचारा आणि आलेले उत्तर न बदलता लिहा. हे काम पुढच्या सणापर्यंत लांबणीवर टाकू नका.