उंच उडी आणि साधनशुद्धी

खेळाडूला उंच नेते ते तंत्र की औषध? व्यायामशाळेतून परतलेला मुलगा पावडरीचा डबा मागू लागला की मालेगावातील आईवडिलांपुढेही हा प्रश्न उभा राहतो.

एक उत्तर आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. शेतकरी कुटुंबातील सर्वेश कुशारे याने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत २.२८ मीटर उंच उडी घेऊन सहावे स्थान मिळविले. त्याच्या सरावाची सुरुवात मात्र गादीअभावी मक्याच्या भुशावर पडत झाली होती.

ज्या शैलीने तो उडतो, ती डिक फॉसबरी या अमेरिकन खेळाडूने जगापुढे आणली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये आडव्या काठीकडे पाठ करून त्याने २.२४ मीटरवर सुवर्णपदक जिंकले. शरीर कमानीसारखे वाकविल्याने डोके, कंबर, पाय क्रमाने काठीवरून जातात. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र काठीखालूनही जाऊ शकतो. तेवढ्याच बळात अधिक उंची गाठता येते, ती अशी.

औषधांत सामर्थ्य नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. स्टेरॉइडने स्नायूंचे बळ वाढते. यकृत व हृदय मात्र त्याची किंमत मोजतात. शिवाय धावेची लय आणि शेवटच्या पावलाची अचूक जागा कोणतेही औषध शिकवीत नाही.

खरा भेद याहून खोल आहे. फॉसबरीचे तंत्र सर्वांदेखत होते; ते जगाने उचलले आणि आपल्या जिल्ह्यातील मुलापर्यंतही पोहोचले. औषध लपवावे लागते. लपवून मिळविलेले पदक म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचे, न दिलेले घेणे. अचौर्य अणुव्रत यापासूनच आपल्याला परावृत्त करते.

अजाणतेपणाही येथे तारत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांनी आपल्या आहारात कोणीतरी भेसळ केल्याचे सांगितले. तरीही ऑगस्ट २०१६ मध्ये क्रीडा लवादाने त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. शरीरात जे सापडेल, त्याचे उत्तर खेळाडूलाच द्यावे लागते.

कंदमूळ आणि जिलेटिन टाळण्यासाठी वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय जैन घरांना आहेच. तीच दृष्टी पावडरीच्या डब्याकडे वळवावी आणि डब्याचे पैसे चांगल्या प्रशिक्षकावर खर्चावेत. तेथे मिळालेले तंत्र कोणापासून लपवावे लागत नाही.