यकृतातील चरबी आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

मूतखड्याच्या शंकेने पोटाची सोनोग्राफी करावी आणि खडा न सापडता अहवालाच्या तळाशी ‘यकृतात चरबी, पहिली श्रेणी’ अशी ओळ निघावी, हा अनुभव आता घरोघरचा झाला आहे. ती ओळ वाचून माणसे दोन तऱ्हांनी वागतात. कोणी ‘हे तर सर्वांनाच असते’ असे म्हणून कागद कपाटात टाकतो, तर कोणी त्याच दिवशी घरातले तूप बंद करून जेवण अर्ध्यावर आणतो. आमच्या मते दोघांचेही चुकते.

यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखालचा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव. (काळीज म्हटले की आपला हात छातीवर जातो, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर मिळते ते यकृतच.) अन्नातून आलेली साखर साठवावी, उरलेल्या साखरेची चरबी करावी, ती चरबी व कोलेस्टेरॉल रक्तावाटे अंगभर धाडावे, असा हा कोठीघराचा कारभार आहे. जावक कमी आणि आवक फार झाली म्हणजे माल कोठीतच साचतो. यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी साचली की ती विकाराची खूण मानतात. दुखत मात्र काहीच नाही. पुष्कळांत गोष्ट येथेच थांबते. पण काहींत यकृताला सूज येते, सुजेचे वण होतात आणि वर्षानुवर्षांनी सिरोसिस होतो. मद्याला कधी शिवले नाहीत त्यांनाही तो होतो. त्यातही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, अशा रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदयविकार हे आहे. म्हणूनच हे दोन विषय आम्ही एकत्र घेतले.

‘पण आम्ही तर सडपातळ!’ असे पुष्कळ जण म्हणतील. त्यांच्यासाठी एका छायाचित्राची हकीकत सांगतो. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही एकच, 22.3. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपली चरबी अशी लपून राहते आणि विशेषतः पोटात राहते. तेव्हा वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही जवळ असावी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रीची 80 च्या पुढे गेली असेल, तर वजन कितीही भरो, सावध व्हावे.

ही चरबी येते कोठून? 2005 साली अमेरिकेतील संशोधकांनी मोजक्याच रुग्णांवर पण फार काटेकोरपणे याचा माग काढला. यकृतातील चरबीपैकी सुमारे 59 टक्के अंगावरच्या साठ्यातून रक्तावाटे आली होती, 26 टक्के यकृताने साखर व पिष्ट पदार्थांपासून स्वतः तयार केली होती; ताटातल्या तेलतुपातून थेट आलेली होती फक्त 15 टक्के. तूप सोडून चहातली साखर चालू ठेवणाऱ्याचा हिशेब कोठे चुकतो, हे येथे दिसते. चमचाभर साखर म्हणजे 5 ग्रॅम. दिवसाला पाच कप व कपाला दोन चमचे धरले तर महिन्याकाठी दीड किलो साखर नुसत्या चहातून पोटात जाते. उपवासाची कथा निराळी नाही. साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट; आपल्या पूर्वजांनी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून ठेवलेच आहे.

याचा अर्थ तूप मोकळे झाले असा मात्र नव्हे. रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल, ज्याला एलडीएल म्हणतात, ते उचलून घेणाऱ्या जागा यकृताच्या पेशींवर असतात. या शोधाबद्दल ब्राउन व गोल्डस्टाइन यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तूप, लोणी, साय, खोबरेल व पामतेल यांतील संपृक्त चरबीने त्या जागा कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. वनस्पती तूप तर वर्ज्यच समजावे. उलट डाळी, उसळी, भाज्या, जवस, ओट यांतील चोथा पित्ताला धरून बाहेर नेतो. नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे मोठ्या अक्षरांत छापतात, त्याची मात्र आम्हांस गंमत वाटते. कोणत्याच वनस्पतीच्या तेलात ते नाव घेण्याजोगे नसते.

आता उपाय. 70 किलोच्या माणसाने साडेतीन किलो उतरविले तरी यकृतातील चरबी कमी होते. सूज उतरण्यास पाच ते सात किलो लागतात. हे सहा महिने ते वर्षाचे काम आहे. पंधरवड्यात उपाशी राहून वजन पाडले तर सूज वाढण्याचीच भीती. ताटात भात-पोळीची जागा थोडी आवळून उसळ व कोशिंबीर वाढवावी. स्वयंपाक घरात एकाच पातेल्यात होतो. म्हणून पथ्य एकट्याचे ठेवू नये, नाहीतर करणाऱ्या बाईला दोन चुली सांभाळाव्या लागतात आणि महिनाभरात पथ्य मोडते. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालावे. वजन हलले नाही तरी यकृतातील चरबी त्याने उतरते. मद्य सोडावे.

औषधांविषयी दोनच गोष्टी. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी स्टॅटिन दिले असेल तर ‘यकृतात चरबी आहे’ म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. अशा रुग्णांनाही ते चालते. आणि ‘यकृतशुद्धी’चे काढे विचारल्यावाचून घेऊ नयेत. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदविले आहेत.

कपाटातला तो कागद काढून डॉक्टरांकडे न्यावा आणि वण पडले आहेत काय, एवढे विचारावे. वय, रक्तातील बिंबाणू व यकृताच्या दोन साध्या चाचण्या यांवरून त्याचा पहिला अंदाज पाच मिनिटांत करता येतो.